आजी म्हणतात माती नको, ज्युरीला हवी माती

पत्र

मॅडम, मी आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. या सेमिस्टरला आम्हाला सस्टेनेबल डिझाइनचा ग्रुप प्रोजेक्ट आहे: औसा तालुक्यातल्या एका गावासाठी दोन खोल्यांची अंगणवाडी. पाच जणांचे ग्रुप रोल नंबरप्रमाणे पडलेत, निवडीला वाव नव्हता. पहिल्या साइट व्हिजिटला सगळे गेलो, तासभर फोटो काढले, रसवंतीवर बसलो आणि परत आलो. भिंती मातीच्या दाबलेल्या विटांच्या करायच्या असं ठरलं, कारण सस्टेनेबल म्हटलं की ज्युरीला, म्हणजे शेवटी प्रोजेक्ट तपासणाऱ्यांना, माती आवडते. माझी मावशी तिथून जवळच राहते, म्हणून मी एका मैत्रिणीला घेऊन पुन्हा गेले. तेव्हा एका आजींनी ओट्यावर बसवून घेतलं आणि म्हणाल्या, "मातीचं नगं गं बाई. माती अंगावर पडल्याली बघितलीय आमी. लेकरांच्या डोक्यावर तर नगंच." त्यांच्या घरातली दोन माणसं भूकंपात गेली. शिवाय ड्रॉइंगच्या शीटवर आम्ही 'स्थानिक माती' असं लिहिलंय, पण गावची जमीन काळी आणि आमच्या रेंडरमधल्या, म्हणजे कॉम्प्युटरवर काढलेल्या चित्रातल्या, भिंती लाल!

हे ग्रुपमध्ये सांगितलं तर एक जण म्हणाला, "आता कॉन्सेप्ट बदलायला वेळ नाही." सगळी रेंडर तोच करतो, त्यामुळे त्याचंच चालतं. दोघं व्हॉट्सअॅपवर अंगठा दाखवण्यापलीकडे काही करत नाहीत. चौथी बिचारी मॉडेल करते आणि रडते. ज्युरीला तीन आठवडे आहेत. सरांनी प्रत्येकाला वेगळं 'रिफ्लेक्टिव्ह जर्नल' लिहायला सांगितलंय, वीस मार्कांना. सीनियर म्हणतात, आदल्या रात्री चॅटजीपीटीकडून लिहून घे, सगळे तेच करतात. कोण काम करत नाही ते मी जर्नलमध्ये खरं खरं लिहू का? की सरांना सांगून ग्रुपमधून वेगळी होऊ? आजींचा फोटो शीटवर टाकावा का? आणि खरं सांगू का, हे जर्नल कशासाठी असतं तेच मला कळलेलं नाही.

— तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, लातूर

उत्तर

तुझ्या पत्रातला सगळ्यात मोठा प्रश्न तू विचारलेलाच नाहीस. आजी "माती नगं" म्हणाल्या, त्याचं तुम्ही पाच जणांनी आता करायचं काय? कामचुकार मित्र, सर, वीस मार्क हे सगळं त्याच्या मागून येतं. तेव्हा आधी आजींचं बोलू.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन आटोपून गावं झोपली आणि पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. किल्लारी तुमच्या औसा तालुक्यातच येतं. जवळपास दहा हजार माणसं गेली. भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास होती, म्हणजे जगाच्या हिशेबात हा काही महाभयंकर भूकंप नव्हे. इतकी माणसं दगावली ती घरांमुळे, आणि ती घरं कशी होती हे तुमच्या ग्रुपला सेक्शन, म्हणजे उभा छेद, काढून दाखवता आलं पाहिजे. दोन-अडीच फूट रुंद भिंत, काही ठिकाणी त्याहूनही रुंद. बाहेरून दगडाचा एक पदर, आतून दुसरा, मधल्या पोकळीत माती आणि गोटे. दोन्ही पदरांना एकमेकांशी धरून ठेवणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हताच. वर लाकडी तुळया, त्यावर फळ्या नाहीतर काटक्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर: माळवद. माळवद गळू नये म्हणून पावसाळ्याआधी त्यावर नवी माती टाकायची रीत होती. जुनी कोणी काढत नसे, त्यामुळे डोक्यावरचं ओझं वर्षागणिक वाढत गेलं. धक्का बसल्यावर भिंतीचे दोन पदर सुटले, एक बाहेर पडला, एक आत, आणि वरचं सगळं खाली आलं.

इंजिनिअरला विचारलंस तर तो म्हणेल, दोष मातीचा नाही, बांधणीचा. बरोबरच आहे त्याचं. पण आजींनी बांधणी पडताना पाहिलेली नाही, माती पडताना पाहिली आहे. शिवाय त्या वेळी तज्ज्ञांच्या नकाशात हा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या, पहिल्या भूकंपक्षेत्रात होता. पुढे २००२ मध्ये ते पहिलं क्षेत्रच रद्द झालं आणि हा पट्टा तिसऱ्यात गेला. एकदा नकाशाने फसवलेल्या माणसांना तुम्ही 'ट्रस्ट मी, मी आर्किटेक्ट' म्हणणार असाल, तर तुम्हाला हे ठाऊक असलंच पाहिजे.

भूकंपानंतर ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. सरळ रांगा, सारखे प्लॉट, सिमेंटच्या भिंती. जुन्या गावातला वाडा, गल्लीतला ओटा, दाराशी बांधलेलं जनावर, यातलं बरंचसं मागे राहिलं. शेत लांब पडलं. मे महिन्यात चार-पाच इंचाच्या उघड्या स्लॅबखाली बसून बघ, रात्री दहा वाजतासुद्धा वरून झळ येते. तरीही स्लॅब म्हणजे सुरक्षित हे लोकांच्या मनात पक्कं बसलं, आणि ते का बसलं हे वर लिहिलंच आहे. म्हणजे तुमच्या अंगणवाडीपुढे दोन मागण्या आहेत. लेकरांच्या डोक्यावर काही पडता कामा नये, आणि उन्हाळ्यात लेकरं भाजताही कामा नयेत. हेच तुमचं डिझाइन ब्रीफ. कॉलेजने दिलेल्या कागदावर ते नव्हतं, तुला ते त्या ओट्यावर मिळालं.

आता तुमच्या लाल भिंतींकडे वळू. मी ज्युरीला बसते, त्यामुळे सांगते, तुझ्या मित्रांचा अंदाज चुकीचा नाही. मातीच्या भिंती, तिरपं ऊन, जाळीतून पडलेली नक्षी आणि कोपऱ्यात पतंग घेऊन पळणारं एक पोर. हे रेंडर पाहिलं की आमच्यातले अर्धे जण विरघळतात. उरलेले अर्धे एकच प्रश्न विचारतात, "माती कुठली?" तिथे तुमचा ग्रुप गप्प बसणार.

मराठवाड्याची काळी माती म्हणजे भरपूर चिकणमाती. पाणी प्यायली की फुगते, वाळली की भेगा पडतात, उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या. दाबलेल्या विटेला रेतीचं प्रमाण जास्त असलेली माती लागते. त्यात साधारण पाच टक्के सिमेंट घालून ती दाबतात. चिकण जास्त असेल तर सिमेंटपेक्षा चुना बरा चालतो, किंवा रेती मिसळावी लागते. म्हणजे एक तर लाल माती ट्रकने लांबून आणायची, नाहीतर रेती विकत घ्यायची. दोन्हीत शीटवरचा 'स्थानिक' हा शब्द लंगडा पडतो. आणि पाणी? दाबलेली वीट भाजायची नसते हे खरं, पण ती दोन-तीन आठवडे तरी ओली ठेवावी लागते. काँक्रीटलाही किमान सात दिवस पाणी मारावं लागतंच. २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे क्युरिंगचं पाणी कुठून येणार हा प्रश्न शीटवर नसेल, तर वर हिरव्या पानांचे कितीही आयकॉन काढा.

हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. एक सरळ उभी काचेची बरणी घे. गावातल्या मातीने ती तिसरा हिस्सा भर (वरची वीतभर माती बाजूला सारून खालची घे, वरच्या मातीत पालापाचोळा असतो). पाणी ओत, चिमूटभर मीठ टाक, झाकण लावून दणकून हलव आणि ठेवून दे. रेती मिनिटाभरात तळाला बसते, तिच्यावर गाळ बसतो, चिकणमाती मात्र तासन्‌तास तरंगत राहते. दुसऱ्या दिवशी थर पट्टीने मोज. काळ्या रानातली एक बरणी, गावठाणातल्या पांढऱ्या मातीची दुसरी आणि गावाशेजारी मुरूम निघत असेल तर त्याची तिसरी. तीन बरण्या ज्युरीच्या टेबलावर ठेवल्यात की मातीबद्दल बोलायचा हक्क तुम्ही कमावलात, मग भिंत कशाचीही असो.

भिंत कशाची करायची हे मी सांगणार नाही, तो तुमचा प्रोजेक्ट आहे. दिशा तेवढ्या दाखवते. मातीच्या इमारतींना भूकंपात तगवायचं कसं यासाठी भारतीय मानक आहे, आयएस १३८२७, आणि तेही १९९३ चंच. लिंटेलला (दार-खिडक्यांच्या डोक्यावर) आणि छताच्या पातळीला भिंतीभोवती सलग पट्टा, खिडक्या कोपऱ्यापासून लांब, असल्या साध्या गोष्टी त्यात आहेत. परळीच्या औष्णिक केंद्राच्या राखेच्या विटा किती लांबून येतात ते बघा. भाजलेली वीट वापरायची असेल तर आर्किटेक्ट लॉरी बेकर यांनी केरळात रुजवलेली रॅट-ट्रॅप बांधणी पाहा. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या रचल्या की मधे पोकळी राहते, साधारण पाव हिस्सा विटा वाचतात आणि उष्णताही कमी आत येते. मात्र केरळातलं औशात जसंच्या तसं आणू नका, भूकंपासाठी त्यात सळया कुठे जातील ते काढून दाखवा. बेकरांचीच दुसरी युक्ती फिलर स्लॅबची. स्लॅबच्या खालच्या बाजूला काँक्रीट फारसं काम करत नाही, तिथे मंगलोरी कौलं घातली की सिमेंट वाचतं. तिरुवनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजच्या आवारात त्यांच्या अशा बऱ्याच क्लृप्त्या बघायला मिळतात. पण अंगणवाडीच्या छताला खालून कौलं दिसली तर आजींना काय वाटेल? "हे बी पडंल का?" असं त्या विचारतील. विचारू देत. त्याचं उत्तर तुमच्यापैकी प्रत्येकाला देता यायला हवं.

प्रत्येकाला हा शब्द मी मुद्दाम वापरला, कारण तुमच्या ग्रुपचं दुखणं तिथेच आहे. तुम्ही काम शीटप्रमाणे वाटून घेतलंत. एकाकडे रेंडर, एकीकडे मॉडेल, कोणाकडे केस स्टडी, कोणाकडे काहीच नाही. त्यामुळे भिंत रंगवणाऱ्याने माती हातात घेतलेली नाही, आणि आजींचं ऐकणारीच्या हातात भिंत नाही. पाच जणांचा ग्रुप कागदावर, गावाची माहिती मात्र एकटीकडे. आणि तू दुसऱ्यांदा गेलीस तेव्हा ग्रुपमधल्या कोणाला बरोबर चल म्हणाली होतीस का? पत्रात तरी दिसत नाही. मैत्रिणीला नेलंस. परत येऊन जे सांगितलंस ते त्यांना बातमीसारखं वाटलं, आणि बातमी ऐकून कोणी रेंडर पुसत नाही.

तेव्हा येत्या रविवारी पाचही जण एसटीत बसा. या वेळी फोटो कमी काढा. आजींकडे जा, पण फक्त आजींकडे नको. अंगणवाडी सेविकेला भेटा, मदतनीसताईंना भेटा. १९७५ पासून ही योजना देशात चालू आहे आणि बहुतेक ठिकाणी सेविकाच तिचा कणा आहे. तिला विचारा, तांदळाचं पोतं कुठे ठेवता, उंदीर लागतात का, रजिस्टरं किती असतात, वजनकाटा कुठे टांगता, खिचडी शिजते तेव्हा धूर कुठे जातो, गरोदर बाया येतात तेव्हा बसतात कुठे. तीन ते सहा वर्षांची मुलं जमिनीवर बसतात. तुमच्या खिडकीचा खालचा काठ तीन फुटांवर असेल तर त्यांना बाहेरचं झाडसुद्धा दिसणार नाही. मोजमाप पट्टी घेऊन गुडघ्यावर बसा आणि मग बघा.

परत आल्यावर काम प्रश्नांप्रमाणे वाटून घ्या. एक जण उष्णतेचा: छत, सावली, वारा. एक भिंतीचा आणि भूकंपाचा. एक पाण्याचा: पागोळ्याचं, पिण्याचं आणि क्युरिंगचं. (शंभर चौरस मीटर छत, साधारण ७५० मिलिमीटर पाऊस, त्यातलं ऐंशी टक्के हाती लागतं असं धरलं तर वर्षाला साठ हजार लिटर. हे गणित अंगठेबहाद्दरांपैकी एकाला द्या, पहिल्या दिवशीच जमेल असं काम आहे.) एक जण सेविका आणि मुलांचा, एक खर्चाचा आणि वाहतुकीचा. ज्याचा प्रश्न, त्याने तो सेक्शनमध्ये काढायचा, ज्युरीत त्यानेच उत्तर द्यायचं.

मुंबईच्या आयआयटीचा टीम शून्य हा विद्यार्थ्यांचा चमू २०१४ मध्ये फ्रान्समध्ये व्हर्साय इथे झालेल्या सोलर डेकॅथलॉनला, म्हणजे सौरऊर्जेवरच्या घरांच्या विद्यार्थी स्पर्धेला, गेला होता. इंजिनिअरिंगची मुलं आणि मुंबईच्याच रचना संसद कॉलेजची आर्किटेक्चरची मुलं एकत्र. त्या स्पर्धेत घर खरोखर बांधून उभं करावं लागतं आणि आतलं तापमान, विजेचा हिशेब यंत्रं लावून मोजतात. रेंडर कितीही देखणं असलं तरी काटा खोटं बोलत नाही. तुमच्या अंगणवाडीला कोणी काटा लावणार नाही, म्हणूनच एकमेकांना खोदून विचारायचं काम तुमच्यावर येतं.

रेंडरवाल्या मित्राशी मात्र आधी एकटीने बोल, समोरासमोर, व्हॉट्सअॅपवर नको. त्याला खलनायक करू नकोस. रात्र रात्र जागून त्याने ते केलंय आणि तू म्हणतेस ते चूक. कोणालाही लागेल. त्याला सांग की कॉन्सेप्ट बदलायचा नाही, सेक्शन बदलायचा आहे. दोन खोल्या, ओसरी, अंगण हे सगळं तसंच राहू दे. बदलणार भिंत आणि छत. आणि त्याची जुनी रेंडर फेकून द्यायची नाहीत, पहिल्या शीटवर तीच लावायची: 'आम्ही इथून निघालो.' पुढे आजींचं वाक्य, बरण्या, गणित आणि मग नवा सेक्शन. ज्युरीपुढे स्वतःचा पहिला विचार स्वतःच खोडून दाखवणारा ग्रुप क्वचितच येतो. आला की आम्ही पेन खाली ठेवून ऐकतो. दोन खोल्यांच्या इमारतीचा सेक्शन बदलायला तीन आठवडे पुरतात, रडारड धरूनसुद्धा.

मॉडेलवाली का रडते ते विचारलंस का? तिचं दुसऱ्या कोणाला करता येण्यासारखं काम काढून घ्या. अंगठेबहाद्दरांचं म्हणशील, तर त्यातला एखादा खरंच आळशी असेल. पण एखादा रोज गावाहून ये-जा करत असेल, साडेपाचची शेवटची एसटी गाठायची असेल, आणि तुमच्या मीटिंग रात्री नऊला हॉस्टेलवर होत असतील, असंही असतं. प्रत्येकाला एक ठरावीक काम, एक तारीख. आठवडाभर वाट बघ. तरीही हललं नाही तर सरांकडे जायचं, पण त्या दोघांना सांगून: "आम्ही उद्या सरांशी बोलणार आहोत, तुम्हीही या." सरांना म्हणायचं, कामाची विभागणी अशी अशी आहे, हे दोन तुकडे आलेले नाहीत, काय करू? याला चुगली म्हणत नाहीत. साइटवर कंत्राटदाराचं काम अडलं की आपण हेच करतो.

वेगळी होऊ नकोस. एकटीने तीन आठवड्यांत पाच जणांचं काम ओढशील, मार्कही मिळतील कदाचित. पण ते चौघं लाल भिंती घेऊन पास होतील आणि पुढे कुठेतरी खऱ्या गावात खऱ्या लाल भिंती बांधतील, याचं काय? सर्वांनी छळलं, मारहाणीपर्यंत आलं, असं काही असेल तर गोष्ट निराळी. तसं तुझ्या पत्रात नाही.

आता जर्नल. कोण काम करत नाही हे त्यात लिहायचं नाही. पहिलं कारण असं की सर ते वाचणार ज्युरी झाल्यावर, तेव्हा त्यांच्या हातात काही उरलेलं नसतं. दुसरं असं की ज्याच्याबद्दल लिहिलंस त्याला उत्तर द्यायची सोय नाही. तक्रार तोंडी करायची, वेळेत करायची, समोर करायची. जर्नलमध्ये तुझं स्वतःचं लिही. मैत्रिणीला घेऊन गेलीस आणि ग्रुपला विचारलं नाहीस, हे त्यात नक्की येऊ दे.

ते असतं कशासाठी? अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये डोनाल्ड शॉन नावाचे एक अभ्यासक होते. डॉक्टर, इंजिनिअर, आर्किटेक्ट ही मंडळी काम करता करता विचार कसा करतात, हे त्यांना शोधायचं होतं. १९८३ मध्ये त्यांनी जे मांडलं त्यात आर्किटेक्चरच्या स्टुडिओतला एक प्रसंग आहे. एक विद्यार्थिनी शाळेचं डिझाइन करतेय आणि तिची इमारत उतारावर काही केल्या बसत नाही. शिक्षक तिच्या शीटवर ट्रेसिंग पेपर टाकतात, काढता काढता बोलतात, असं केलं तर काय होतं बघू, मग तसं, आणि प्रत्येक रेघेनंतर जागा काय उत्तर देते ते पाहतात. शॉन यांचं म्हणणं, कामातला विचार असा चालतो: हात काहीतरी करतो, परिस्थिती उलट बोलते, आपण ऐकतो, पुन्हा हात चालतो. तुमच्या बाबतीत परिस्थिती आजींच्या तोंडून उलट बोलली. तुम्ही ते ऐकलंत की नाही, एवढंच जर्नलमध्ये दिसायला हवं.

म्हणून ते शेवटच्या रात्री लिहून भागत नाही. आमच्याकडे जर्नलांचा गठ्ठा येतो तेव्हा पानोपानी 'टीमवर्कचं महत्त्व' आणि 'आव्हानात्मक पण समृद्ध करणारा अनुभव' असतो. कोणी लिहून घेतलंय ते तिसऱ्या ओळीत कळतं. चॅटजीपीटीला त्यात दोष नाही, विचारणाऱ्याकडे सांगायलाच काही नसतं. आणि कॉलेजंही कमी नाहीत. सेमिस्टरच्या सुरुवातीला एकदा 'रिफ्लेक्ट करा' म्हणायचं आणि मग शेवटच्या दिवशी गठ्ठा मागायचा. मधे एकदाही वाचून परत द्यायचं नाही. मग मुलं दुसरं काय करणार?

तू असं कर. ज्या दिवशी काही ठरेल त्याच दिवशी आठ-दहा ओळी लिही, मराठीत, तुझ्या भाषेत. काय ठरलं, कशाच्या आधारावर, आणि काय दिसलं तर हे बदलावं लागेल. उदाहरणार्थ, पहिल्या मीटिंगचं तुझं पान असं झालं असतं:

"भिंतीला दाबलेल्या मातीच्या विटा ठरल्या. का? पर्यावरणाला चांगल्या म्हणून. हे आपल्याला कुठून माहीत? लेक्चरमधून. गावात कोणाला विचारलं? नाही. गावची माती कशी आहे? पाहिली नाही, बुटाला लागली होती ती काळी होती. काय दिसलं तर बदलू? ठरवलं नाही."

आणि बरण्यांच्या दिवशी असं:

"मला वाटत होतं माती नको म्हणजे अज्ञान, समजावून सांगितलं की पटेल. आज पांढऱ्या मातीची बरणी पाहिली आणि सेक्शन काढताना पहिल्यांदा माळवदाचं वजन धरून पाहिलं. समजावून सांगण्याआधी मला तरी कुठे कळलं होतं? अजून एक प्रश्न उरलाय. पट्टे घालून मातीची भिंत सुरक्षित होत असेल आणि तरी आजींना तिची भीती वाटत असेल, तर सुरक्षित म्हणजे कोणाच्या मते? हे सुटलेलं नाही."

असं एखादं पान वाचलं की मार्क देताना हात आखडत नाही. न सुटलेला प्रश्न लिहायला घाबरू नकोस, मात्र 'कळलं नाही' एवढंच लिहून थांबू नकोस, कळून घ्यायला काय केलंस ते पुढे लिही. मागच्या आठवड्यांची पानं आता मागच्या तारखा टाकून रचू नकोस. आजची तारीख घाल आणि 'आठवणीतून लिहिते' असं म्हण. आणि भिंत बदलतेय हे सरांच्या कानावर याच आठवड्यात घाल. काही सरांना ज्युरीच्या दिवशीचे धक्के आवडत नाहीत, आणि त्यांचं चूकही नाही.

राहिला फोटो. न विचारता काढला असशील तर शीटवर टाकायचा नाही. काढलाच नसेल तर रविवारी मुद्दाम काढायचा नाही. घरातली दोन माणसं गमावलेल्या बाईचा सुरकुतलेला चेहरा मोठा करून लावला की ज्युरी हळहळते आणि सेक्शनकडे बघायचं विसरते. त्यांचं वाक्य लाव, त्यांच्याच बोलीत, शुद्ध करू नकोस. नाव नको, 'गावातील एक ज्येष्ठ रहिवासी' पुरे. लावण्याआधी त्यांना वाचून दाखव आणि चालेल का विचार. नको म्हणाल्या तर वाक्यही काढायचं, कितीही चांगलं असलं तरी. नवा सेक्शन त्यांना दाखवायचाच आहे, पण तो ए-वन शीटवरचा नको, मॉडेल घेऊन जा. छत उचलून आतला पट्टा दाखवता आला पाहिजे, तेवढं मॉडेलवालीला आजच सांगून ठेव.